नादारीचा अर्ज करण्यापूर्वी : महाराष्ट्रातील कर्जदाराने करावयाची तयारी

कर्ज फेडणे खरोखरच आवाक्याबाहेर गेले आहे हे कळून चुकलेल्या माणसाला स्वतःहून न्यायालयात जाऊन ‘मला नादार ठरवावे’ असा अर्ज करता येतो. ही सोय आपल्या कायद्यात शंभराहून अधिक वर्षे आहे, तरीही ती फार थोड्यांना माहीत असते. ‘नादारी’ हा शब्द बऱ्याच जणांना शाळेतील फी-माफीमुळे परिचित असतो. कायद्यात मात्र नादार म्हणजे ज्याला आपली देणी भागवता येत नाहीत असे न्यायालयाने आदेशाने ठरवले आहे तो, म्हणजेच बोलीतला दिवाळखोर. मारहाण, चोरी किंवा फसवणूक यांच्या पंक्तीत बसवावी अशी ही गोष्ट नाही. हा एक दिवाणी उपाय आहे आणि तो प्रामाणिक कर्जदारासाठीच ठेवलेला आहे. या लेखात पुढे जे सांगितले आहे त्याचा गाभा एवढाच, की हा अर्ज वकिलाच्या युक्तिवादापेक्षा अर्जदाराने घरी बसून केलेल्या देण्यांच्या आणि मालमत्तेच्या खऱ्या, पूर्ण यादीवर टिकतो किंवा कोसळतो.

आधी कायदा कोणता ते ठरवा

२०१६ ची दिवाळखोरी संहिता वर्तमानपत्रांमुळे सर्वांना माहीत झाली असल्याने अनेक जण तिच्याच आधारे वकिलाकडे जातात. त्या संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे हे खरे. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू करण्यात आला. लहान कर्जदारांना नव्याने सुरुवात करू देणारी जी तरतूद त्या संहितेत वाचायला मिळते, ती त्या अधिसूचनेत घेतलेली नाही. त्यामुळे पगारदार, दुकानदार, रिक्षाचालक किंवा शेतकरी यांच्यासाठी जुने कायदेच उपयोगी पडतात : मुंबईत १९०९ चा प्रेसिडेन्सी टाऊन्स नादारी कायदा आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबईतील अर्ज उच्च न्यायालयात होतो आणि तेथे नादाराची मालमत्ता ‘ऑफिशियल असायनी’ या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. इतर जिल्ह्यांत अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा शासनाने अधिकार दिले असतील तेथे दुय्यम दिवाणी न्यायालयात करावा लागतो आणि मालमत्ता रिसीव्हरकडे, म्हणजे ती ताब्यात घेण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीकडे, जाते. आपण जेथे नेहमी राहतो, धंदा करतो किंवा स्वतः काम करून कमावतो, तेथील न्यायालय निवडावयाचे असते. कोणत्या तरतुदी नव्याने लागू झाल्या आहेत हे अर्ज दाखल करण्याच्या आठवड्यात वकिलाकडून पुन्हा एकदा तपासून घ्यावे. पुढील विवेचन मुख्यतः १९२० च्या कायद्याला धरून आहे. मुंबईच्या कायद्याची कार्यपद्धती वेगळी असली तरी तयारी जवळपास तीच आहे.

अर्ज करता येतो का, आणि करावा का

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. कर्जे फेडण्यास आपण असमर्थ असलो पाहिजे, आणि त्याबरोबर तीनपैकी एक गोष्ट असली पाहिजे : एकूण देणे किमान ५०० रुपये आहे, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यापायी (पैसे द्यावेत अशा दिवाणी न्यायालयाच्या निकालापायी) आपल्याला अटक झाली आहे, किंवा तशा हुकूमनाम्याखाली आपल्या मालमत्तेवर जप्तीचा आदेश चालू आहे. ५०० रुपयांची ही रक्कम १९२० सालची आहे आणि आज ती कोणाच्याही बाबतीत पूर्ण होते. म्हणून खरी कसोटी ‘असमर्थता’ हीच राहते.

दुसरा प्रश्न अवघड आहे आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. मुख्य कर्ज घराचे, वाहनाचे किंवा सोनेतारण असेल तर नादारीने फारसे साधत नाही, कारण तारण धारण करणाऱ्या बँकेचा तारणावरील हक्क नादारीच्या आदेशानंतरही अबाधित राहतो आणि ती ते विकून आपली रक्कम घेऊ शकते; विक्रीनंतर जे अपुरे पडेल तेवढ्यापुरतीच ती इतर धनकोंच्या, म्हणजे ज्यांचे पैसे देणे आहे त्यांच्या, रांगेत येते. थकबाकी मुख्यतः आयकर, वस्तू व सेवा कर अशा शासकीय येण्यांची असेल तर शेवटी मिळणारी मुक्तता, म्हणजे उरलेल्या देण्यांतून न्यायालयाने आदेशाने केलेली सुटका, त्या देण्यांना लागूच होत नाही. फसवणुकीने किंवा विश्वासघाताने झालेले देणे आणि पत्नी-मुलांच्या पोटगीच्या आदेशाखालील देणेही तसेच कायम राहते. धनादेश न वटल्याबद्दलचे कलम १३८ चे खटले फौजदारी असल्यामुळे ते आपल्या वाटेने चालतच राहतात. पुष्कळ लोक केवळ या खटल्यांना कंटाळून नादारीचा विचार करू लागतात, म्हणून हे अगोदरच स्पष्ट करून घेतलेले बरे.

याउलट क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, मोबाइल ॲपवरील कर्जे, पतसंस्थेचे जामीनकी कर्ज, व्यापाऱ्यांची उधारी आणि हातउसने पैसे यांचा डोंगर झाला असेल आणि पुढील पाच-सात वर्षांच्या संभाव्य कमाईतूनही तो उतरणार नसेल, तर या कायद्याचा विचार गंभीरपणे करावा. त्याआधी बँकेशी एकरकमी तडजोड किंवा लोकअदालत हे मार्ग चाचपून पाहावेत. तडजोड झालेल्या कर्जाची नोंद पतअहवालात ‘पूर्ण फेडले’ अशी न होता ‘तडजोड’ अशी होते. तरीही मुक्तता मिळेपर्यंत नादारीची जी बंधने सोसावी लागतात, त्यांपेक्षा ती पुष्कळांना हलकी वाटेल.

तुरुंगाची भीती हे मात्र अर्ज करण्याचे कारण होऊ नये. जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सांगितले आहे, की केवळ फेडता येत नाही म्हणून कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून न देण्याची लबाडी दिसली पाहिजे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटकच करता येत नाही. वसुली एजंटांनी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करू नयेत असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. तसे घडत असेल तर आधी संबंधित बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. परवाना नसलेल्या सावकाराबद्दलची तक्रार २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. या सावकारी व्यवहारात जमीन किंवा घर लिहून घेतले गेले असेल, तर १५ वर्षांच्या आतील असे हस्तांतर रद्द करून मालमत्ता परत मिळवण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. ती मालमत्ता परत आली, तर नादारीची गरजच उरणार नाही असेही घडू शकते.

देण्यांची यादी : एकही नाव गाळू नका

अर्जात आपल्याविरुद्धच्या प्रत्येक पैशाच्या दाव्याची रक्कम, तपशील आणि धनकोचे नाव-पत्ता द्यावा लागतो. सुरुवात पतअहवालापासून करावी. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो, आणि चारही मागवावेत, कारण एखाद्या लहान वित्तसंस्थेचे कर्ज एकाच अहवालात सापडते. त्यात न दिसणारी देणी डोक्यातून आणि डायरीतून काढावी लागतात : गावातील पतसंस्था, भिशीचे उरलेले हप्ते, किराणा दुकानदार, दवाखान्याचे बिल, मेहुण्याकडून घेतलेले पैसे, दुसऱ्याच्या कर्जाला आपण राहिलेली जामीनकी. लाजेपोटी लोक नातेवाइकांची नावे गाळतात. ती चूक नंतर फार महाग पडते, कारण उलटतपासणीत ते नाव बाहेर आले की संपूर्ण यादीवरचा विश्वास उडतो.

प्रत्येक देण्यासमोर कर्जाची तारीख, मूळ रक्कम, आजवर भरलेली रक्कम, आजची मागणी, तारण असल्यास ते, जामीनदारांची नावे, आणि दावा, लवाद किंवा दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची कारवाई) चालू असल्यास न्यायालय व क्रमांक लिहावा. सहकारी संस्थेने सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवला असेल तर त्याची प्रत जोडावी. ज्या रकमेबद्दल वाद आहे तेथे ‘रक्कम अमान्य’ असे लिहावे, पण देणे दाखवावेच. तीन वर्षांहून जुनी, मुदतबाह्य झालेली असू शकतील अशी कर्जे वकिलाला वेगळी दाखवावीत. कर्जदाराची लेखी कबुली मुदतीच्या आत झाली तर मुदत नव्याने मोजली जाते, म्हणून अशा कर्जांबद्दलच्या मजकुराची शब्दरचना वकिलानेच करावी. सावकाराच्या व्याजाने मुद्दलालाही मागे टाकले असेल, तर दामदुपटीचा (व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही या नियमाचा) मुद्दा मांडता येतो का हेही त्याच बैठकीत विचारावे.

समजा, एका तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान होते. बँकेचे ९ लाखांचे कॅश क्रेडिट दुकानाच्या गाळ्यावर तारण आहे, पतसंस्थेचे ६ लाख दोन जामीनदारांवर आहेत, कार्डांचे आणि ॲपचे मिळून २ लाख, हातउसने अडीच लाख आणि वस्तू व सेवा कराचे ८० हजार थकले आहेत. या कुटुंबाला ‘२० लाख ३० हजारांचे कर्ज माफ होईल’ असे कोणी सांगत असेल तर ते चुकीचे आहे. गाळा बँकेकडे जाईल, ८० हजार कायम राहतील, पतसंस्था उद्याच जामीनदारांच्या दारात उभी राहील, आणि मुक्ततेचा खरा लाभ उरलेल्या विनातारण देण्यांपुरता अर्जदाराला एकट्याला मिळेल. आपल्या यादीवर ही आकडेमोड कागदावर करून पाहिल्याशिवाय अर्जावर सही करू नये.

जामीनदारांना आधी सांगा

हा भाग कायद्याचा कमी आणि माणुसकीचा अधिक आहे, म्हणून स्वतंत्रपणे लिहीत आहे. आपल्याकडे पतसंस्थेचे कर्ज बहुधा एखाद्या सहकाऱ्याच्या, शेजाऱ्याच्या किंवा चुलतभावाच्या सहीवर मिळते. नादाराला मुक्तता मिळाली तरी जामीनदार, सहकर्जदार आणि भागीदार हे मोकळे होत नाहीत, असे कायदा स्पष्टपणे सांगतो. म्हणजे आपण अर्ज केला की वसुलीचा सगळा जोर त्यांच्या पगारावर आणि घरावर येतो. शैक्षणिक कर्जात सहकर्जदार असलेल्या आईवडिलांचेही तसेच होते. त्यांना न्यायालयाच्या नोटिशीतून ही बातमी कळू देऊ नये. त्यांना समोर बसवून आकडे सांगावेत, त्यांची नावे आणि त्यांच्यावर येऊ शकणारी रक्कम वकिलाला दाखवावी, आणि त्यांच्यापुरती संस्थेशी हप्ते बांधून घेण्याची तडजोड होऊ शकते का हे अर्जापूर्वीच पाहावे.

घरातही हे अर्जाआधीच बोलले गेले पाहिजे. कर्ज लपवून ठेवणाऱ्या माणसाची झोप आणि जगण्याची इच्छा दोन्ही हळूहळू जातात. तशी वेळ आली असेल, किंवा आपल्या माणसात तशी चिन्हे दिसत असतील, तर १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या विनामूल्य क्रमांकावर आजच बोलावे, अर्ज पुढच्या महिन्यातही करता येईल.

मालमत्तेची यादी

यात रोख रकमेखेरीज प्रत्येक मालमत्तेची किंमत आणि ती कोठे आहे ते लिहावे लागते. सातबारा आणि आठ-अ उतारे, शहरात मिळकत पत्रिका, खरेदीखताची सूची क्रमांक २, सोसायटीचे भागपत्र, वाहनाचे नोंदणीपत्र, मुदतठेवींच्या पावत्या, विमा पॉलिसी, डिमॅट खात्याचे विवरण आणि तीन वर्षांची सर्व बँक खात्यांची विवरणे गोळा करावीत. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यातील बोजे नीट वाचावेत. फेडलेल्या सोसायटी कर्जाचा बोजा कमी करायचा राहून गेल्याचे तेथे अनेकदा आढळते. वडिलोपार्जित जमिनीचे वाटप झाले नसले तरी आपला हिस्सा दाखवावा. पत्नीच्या नावावरील, तिने स्वतःच्या पैशातून घेतलेली मालमत्ता आणि तिचे स्त्रीधन आपले नाही. परंतु आपल्या पैशातून तिच्या नावावर घेतलेल्या वस्तूंबद्दल वकिलाला खरे सांगावे.

सगळे जाते असे मात्र नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळलेली मालमत्ता नादारीतही वाचते. त्यात कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आहे, धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने आहेत, म्हणजे मंगळसूत्राची भीती बाळगण्याचे कारण नाही. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गुरे, बियाणे आणि तो राहत असलेले घर, तसेच भविष्यनिर्वाह निधी, सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी आणि आयुर्विम्याची रक्कम यांनाही संरक्षण आहे. पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे वगळलेले भत्ते सोडून ३१,००० रुपये पगार असेल तर जप्तीयोग्य भाग जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा. यादीत या सर्व वस्तू लिहून त्यांच्यापुढे सूट मागावी. सूट आहे म्हणून त्या यादीतून वगळू नयेत.

तयारीच्या काळात काय करू नये

अर्जाचा विचार मनात आल्यानंतर मालमत्ता वाचवण्यासाठी लोक जे पहिले पाऊल उचलतात, तेच बहुतेक वेळा अर्जाला बुडवते. पत्नीच्या नावाने बक्षीसपत्र किंवा भावाच्या नावाने हक्कसोडपत्र करून ठेवले आणि त्यानंतर २ वर्षांच्या आत नादारीचा अर्ज होऊन नादारी ठरली, तर न्यायालय ते रद्द करू शकते. शुद्ध हेतूने, योग्य मोबदला देऊन खरेदी करणाऱ्यालाच संरक्षण आहे. अर्जापूर्वीच्या ३ महिन्यांत एखाद्या धनकोला झुकते माप देण्यासाठी केलेली फेडही रद्दबातल ठरते. मेहुण्याचे पैसे आधी देऊन टाकू हा विचार स्वाभाविक आहे, पण त्यामुळे मेहुणाच कोर्टाच्या फेऱ्यात सापडेल. मालमत्ता लपवणे किंवा हिशेबाची वही नष्ट करणे हा तर एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

फेडता येणार नाही हे माहीत असताना नवे कर्ज घेऊ नये, कार्डावर शेवटची खरेदी करू नये, आणि एका ॲपचे कर्ज फेडण्यासाठी दुसऱ्या ॲपचे कर्ज काढणे त्याच दिवशी थांबवावे. मुक्ततेच्या वेळी न्यायालय या प्रत्येक गोष्टीकडे पाहते.

अर्ज आणि सुनावणी

अर्ज लेखी, सही केलेला आणि दाव्याप्रमाणे पडताळणी केलेला असावा लागतो. त्यात फेडण्यास असमर्थ असल्याचे विधान, राहण्याचे व कामाचे ठिकाण, अटक वा जप्तीचा तपशील, वरील दोन्ही याद्या, जप्तीतून वगळलेली सोडून सर्व मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करण्याची तयारी, आणि यापूर्वी असा अर्ज केला होता का याचे उत्तर असते. हिशेबाच्या वह्यांना सूट मिळत नाही. त्या द्याव्याच लागतात. एकदा दाखल केलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. अर्ज दाखल झाल्याबरोबर वसुली आपोआप थांबत नाही. धनकोंना न्यायालयाच्या परवानगीशिवाय कारवाई करता येत नाही ती नादार ठरवल्याच्या आदेशानंतर. परंतु अर्ज दाखल करून घेतल्याची सूचना लिलावापूर्वी दरखास्त चालवणाऱ्या न्यायालयाला मिळाली आणि तसा विनंती अर्ज केला, तर त्या न्यायालयाच्या ताब्यातील मालमत्ता रिसीव्हरकडे सोपवावी लागते. म्हणून अर्ज दाखल करून घेतल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागावी. अटकेपासून संरक्षणासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

सुनावणीची सूचना धनकोंना जाते आणि ती राजपत्रातही प्रसिद्ध होते. गुप्तता राहणार नाही याची मनाची तयारी ठेवावी. धनकोंचे वकील विचारतील की पैसे कोठे गेले. त्यासाठी महिन्यावार एक साधा तक्ता करून ठेवावा : कोणत्या महिन्यात किती आले, किती हप्त्यांत गेले, दवाखान्यात किती, धंद्यात तोटा किती. शेअर बाजारातील सट्ट्यात किंवा ऑनलाइन जुगारात पैसे गेले असतील तर तेही लिहावे. ते कबूल केल्याने मुक्तता लांबू शकते, लपवल्याने तीच गमावण्याची वेळ येते.

आदेशानंतर

नादार ठरवल्यापासून मुक्तता मिळेपर्यंत वारशाने येणारी मालमत्तासुद्धा रिसीव्हरकडे जाते. नादार असल्याचे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून अधिक उधार घेणे हा सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. कंपनीचे संचालकपद धारण करता येत नाही, आणि तेथे तर अर्ज प्रलंबित असतानाच अपात्रता येते. विधानसभा आणि संसद यांचे सदस्यत्वही मुक्त न झालेल्या नादाराला मिळत नाही, आणि स्थानिक संस्थांच्या निवडणुकीतही तो अपात्र ठरतो. ज्यांची नोकरी विश्वासाच्या पदावर आहे त्यांनी आपले सेवानियम अर्जापूर्वी वाचावेत.

मुक्तता आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी आदेशात दिलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो केला नाही तर नादारीच रद्द होऊन सगळे धनको पुन्हा मोकळे होतात, शिवाय पुन्हा अर्ज करण्यासाठी परवानगी मागावी लागते. ही तारीख आदेश हाती पडताच भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी. विनातारण देण्यांच्या मानाने मालमत्ता रुपयामागे आठ आण्यांहून कमी भरली, तर ही स्थिती आपल्या दोषामुळे आली नाही हे दाखवावे लागते. अन्यथा पूर्ण मुक्तता नाकारली जाऊन ती सशर्त किंवा काही काळ तहकूब ठेवून मिळते. अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचे धंद्याचे हिशेब न ठेवणे, तोट्याचा खुलासा न करता येणे आणि बेसुमार उधळपट्टी हीही त्याच परिणामाची कारणे आहेत. म्हणून आजारपणाची कागदपत्रे, दुकान बंद राहिल्याचे पुरावे, नोकरी गेल्याचे पत्र, पावसाने बुडालेल्या पिकाचा पंचनामा हे सर्व पहिल्या दिवसापासून एका फाइलीत ठेवावे. मुक्ततेचा आदेश मिळाल्यावर त्याच्या किमान पाच-सहा प्रमाणित प्रती घ्याव्यात आणि चारही पतअहवाल कंपन्या, प्रत्येक धनको, आणि जेथे जेथे दरखास्त चालू होती ते न्यायालय यांच्याकडे पोच घेऊन दाखल कराव्यात.